श्वासाची ओढ किती?

‘न्यूमोनिया आटोक्यात आलाय, मग व्हेंटिलेटर अजून का काढत नाहीत?’ अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा हा प्रश्न रास्त असतो. पुष्कळदा फुप्फुसं सावरलेली असतात, पण श्वास ओढणारे स्नायू दुबळे झालेले असतात. हा दुबळेपणा एक्स-रेत दिसत नाही; तो मोजावा लागतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू फार झपाट्याने झिजतात. लंडनमध्ये २०१३च्या अभ्यासात अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीच्या एका स्नायूचा आकार दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. श्वास ओढणाऱ्या मुख्य स्नायूची, म्हणजे श्वासपटलाची, गत तर आणखी वाईट. सगळा श्वास यंत्रच देत असेल तर १८ ते ६९ तासांतच त्याचे तंतू निम्म्याहून बारीक होतात, असं २००८ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवलं.

हातापायांची ताकद मोजायला यंत्र लागत नाही. आधी रुग्ण पुरता जागा आहे ना, हे पाहतात: डोळे उघडा, माझ्याकडे बघा, जीभ दाखवा. मग खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा असं दोन्ही बाजूंना तपासत जातात. प्रत्येक ठिकाणी शून्य ते पाच गुण. स्वतःचाच भार पेलून हात नुसता उचलता आला तर तीन, डॉक्टरांनी लावलेल्या जोरालाही पुरून उरला तर पाच. एकूण गुण ६०. ४८च्या खाली गेले की दुर्बलता धरतात.

श्वासाची ताकद मोजायला रुग्णाच्या श्वासाच्या नळीला एकमार्गी झडप लावतात. तिच्यातून श्वास सोडता येतो, घेता येत नाही. त्यामुळे वीस-पंचवीस सेकंद रुग्ण दर खेपेला जास्त जोर लावतो. ती ओढ पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ८०च्या पुढची ओढ चांगली. ३०च्या आत राहिली तर यंत्र काढताना सावध राहावं लागतं. मात्र गुंगीतला किंवा घाबरलेला रुग्ण पुरता जोर लावत नाही, म्हणून एका आकड्यावर निर्णय होत नाही. तेव्हा सोनोग्राफीत श्वासपटल किती जाड होतं, तेही पाहतात.

हातपाय दुबळे असले की बहुधा श्वासही दुबळा निघतो. म्हणूनच मोजमापानंतरचं काम मोलाचं: गुंगीचं औषध कमी करणं, रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवणं, उभं करणं. २००९च्या एका चाचणीत अशी हालचाल लवकर सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना आपली कामं आपण करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होतं.

नातेवाइकांनी रोज ऑक्सिजन विचारावाच. सोबत एवढंही विचारावं: ‘आज हात किती उचलला?’