निजामशाहीची अखेर व धन्याचा अविश्वास

निजामशाही मोगलांच्या फौजांनी बुडविली, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडी येथे मलिक अंबरने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला होता. मग अवघ्या बारा वर्षांत असे काय बदलले?

१६२६ मध्ये अंबर वारला आणि आजवर नामधारी असलेल्या निजामशहाच्या हाती सत्ता आली. कर्त्या सेवकाचेच त्याला भय वाटे. अंबरचा पुत्र फतेखान यास त्याने कैदेत टाकले. मोगलांकडून परतलेल्या लखुजी जाधवरावांस १६२९ मध्ये दौलताबादेस मुलांसह ठार करविले. सरदाराची फौज त्याच्या स्वतःच्या पदरी असे. दाद मागण्यास मात्र सुलतानाखेरीज जागा नव्हती. त्यामुळे रुष्ट सरदार निघाला की त्याची फौजही निघे. यास फितुरी म्हणणे सोपे आहे. जिवाचीच शाश्वती नसता त्याने काय करावयास हवे होते, हे कोणी सांगत नाही. लखुजींचे जावई शहाजीराजे मोगलांकडे गेले. तेव्हा निजामशहाने नाइलाजाने फतेखानास सोडून वजिरी दिली, आणि त्यानेच धन्याचा घात केला.

पुढे मोगलांची चाकरी सोडून शहाजीराजांनी संगमनेर परिसरातील पेमगिरीवर निजामशाही वंशातील एका बालकाच्या नावे कारभार मांडला. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यानंतर ते मूल त्यांना मोगलांच्या स्वाधीन करावे लागले.