दारातली गाडी आणि दानाची पूर्तता

मरोळच्या गृहसंकुलांतून फिरताना आच्छादनाखाली धूळ खात उभ्या असलेल्या मोटारी जागोजागी दिसतात. 2014 साली मेट्रो मरोळ नाक्यावर आली आणि 2024 साली भुयारी मेट्रोही तेथे येऊन मिळाली. तेव्हापासून अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कोंडीत स्वतःची गाडी घालण्याची गरज अनेकांना उरली नाही. तरीही गाडी विकवत नाही. आपल्या समाजात तर ती बहुधा कुटुंबातील पहिली गाडी असते. वडिलांनी हप्ते फेडून घेतलेल्या त्या वस्तूत एका पिढीचा स्वाभिमान साठलेला असतो. म्हणूनच ‘विकण्यापेक्षा आपल्या शाळेला दिली तर?’ असा विचार माजी विद्यार्थ्यांच्या मनात येतो. हा विचार स्तुत्य आहे. तो पूर्णत्वास कसा न्यावा, एवढेच आम्ही येथे मांडत आहोत.

मुंबईच्या इतिहासात अशा दानाचे एक ठळक उदाहरण आहे. डिसेंबर 1964 मध्ये पोप सहावे पॉल एका धार्मिक परिषदेसाठी मुंबईत आले होते. येथे वापरलेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी परतताना मदर तेरेसा यांना दिली. मदर तेरेसांनी ती स्वतःसाठी ठेवली नाही. तिची सोडत काढून आलेला पैसा त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरला. संस्थेची गरज आलिशान मोटारीची नव्हती, निवाऱ्याची होती. धर्म कोणताही असो, यातला बोध सर्वांना घेण्याजोगा आहे. दात्याजवळ काय आहे यापेक्षा घेणाऱ्याला काय हवे आहे, यावर दानाचे मोल ठरते.

म्हणून पहिला प्रश्न संस्थेला विचारावा. निवासी शाळेत मध्यरात्री एखादे मूल तापाने फणफणले, तर दाराशी उभी असलेली गाडी अमूल्य ठरते. परंतु त्याच गाडीला चालक, इंधन, विमा आणि दुरुस्ती लागते, आणि हा खर्च दरवर्षी मुलांच्या जेवणाच्याच तिजोरीतून निघतो. शिवाय खासगी नोंदणीच्या मोटारीतून भाडे घेऊन विद्यार्थ्यांची ने-आण करता येत नाही. शालेय वाहतुकीसाठी महाराष्ट्रात 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत. संस्थेने नकार दिला, तर त्यात दात्याचा अवमान मानू नये.

संस्थेने होकार दिला, तर दुसरी पायरी कागदांची. किल्ली हाती दिली म्हणजे गाडी दिली, हा समज धोक्याचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमानुसार हस्तांतराची सूचना परिवहन कार्यालयाला द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल, तर देणाऱ्याला त्यासाठी 14 दिवसांची मुदत आहे. त्यासाठी नमुना 29 आणि नमुना 30 भरावे लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 देऊन तो आधी उतरवावा. थकलेला दंड भरावा, फास्टॅग बंद करावा आणि विमाही संस्थेच्या नावे करून घ्यावा. गाडी दिवंगत वडिलांच्या नावे असेल, तर प्रथम नमुना 31 भरून ती वारसाच्या नावे करावी लागते. त्यानंतरच ती देता येते.

हा कागदी सोपस्कार नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका खटल्यात गाडी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणीत पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. त्या गाडीच्या अपघातात एका लहान मुलाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निर्णय न्यायालयाने दिला. अर्धवट दान दात्याला, संस्थेला आणि रस्त्यावरील निरपराध माणसालाही संकटात टाकू शकते. संस्थेनेही विश्वस्त मंडळाचा ठराव करावा. गाडी न्यासाच्याच नावे घ्यावी, कोणा पदाधिकाऱ्याच्या नावे नव्हे, आणि तिची नोंद मालमत्तेच्या वहीत करावी.

गाडीचे वयही पाहावे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणीत योग्य ठरल्यास ती 5 वर्षांसाठी वाढवता येते. त्या उंबरठ्यावर आलेली गाडी संस्थेला देणे म्हणजे आपला भार तिच्या खांद्यावर ठेवणे होय. अशी गाडी 2021 च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या अधिकृत भंगार केंद्रातच द्यावी. तेथील प्रमाणपत्र जपून ठेवावे, नोंदणी रद्द करून घ्यावी आणि आलेली रक्कम संस्थेला द्यावी.

प्राप्तिकराचा हिशेबही हेच सुचवतो. प्राप्तिकर कायद्यातील देणगीवरची वजावट पैशाच्या रूपातील देणगीलाच दिलेली आहे, वस्तुरूप दानाला नाही. 2000 रुपयांहून अधिक रोख रकमेलाही ती मिळत नाही. म्हणून संस्थेला गाडी नको असेल, तर ती विकून रक्कम धनादेशाने द्यावी. संस्थेला या वजावटीसाठीची मान्यता असेल आणि दात्याने जुनी करप्रणाली स्वीकारली असेल, तर त्याला वजावटही मिळू शकते.

वडिलांची गाडी विकली म्हणून त्यांची स्मृती विकली जात नाही. त्या पैशातून वसतिगृहात पुस्तकांचे कपाट उभे राहिले, किंवा एखाद्या मुलीचे वर्षाचे शुल्क भरले गेले, तर त्या कष्टाच्या हप्त्यांचे सार्थकच होईल. सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगताना अंगुत्तर निकायात स्वतःला वा इतरांना हानी न पोहोचवता देणे, हेही एक लक्षण सांगितले आहे. गाडी देताना तेच ध्यानात ठेवावे. आधी विचारावे, कागद पुरे करावेत आणि मगच किल्ली द्यावी.