एमडी: कोण घेतो, केव्हा, कशासाठी

मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगावपाशी ट्रकांची वर्दळ रात्रभर थांबत नाही. पहाटेच्या आत माल पोचवायचा असला की डोळ्यांवरची झोप चहा-तंबाखूने उडवावी लागते. झोप उडवण्याच्या याच गरजेने ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत अनेक ट्रकचालकांना ॲम्फेटामिनच्या गोळ्यांकडे नेलं. त्यांचं घेणं पाळीला बांधलेलं असतं, जागं राहण्यापुरतं. याउलट शनिवारी रात्री एमडी घेणारा पोरगा आठवडाभर त्या पावडरीला शिवतही नाही. त्या एका रात्रीत मात्र पुन्हा पुन्हा घेत सुटतो.

यातलं बरंचसं रसायन ठरवतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिनचा लोंढा सोडतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, मन खचतं आणि हात परत पुडीकडे जातो. मेथॲम्फेटामिन या दुसऱ्या उत्तेजकाला निम्म्यावर यायला दहा-बारा तास लागतात. ते सलग घेणारा दोन-तीन दिवस ना झोपतो, ना धड जेवतो. मग एकदम कोसळतो, दिवसभर झोपून राहतो, आणि घरच्यांना वाटतं, सुटली एकदाची! खरं तर ही झोप त्याच चक्राचा भाग असते. ओढून किंवा सुईने घेतलं तर द्रव्य मेंदूत झपाट्याने पोचतं आणि सवयही लवकर जडते.

मेफेड्रोन २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आलं. पुढच्याच वर्षी ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या कारखान्यातून १८ टनांहून अधिक इफेड्रिन पकडलं. मेथॲम्फेटामिन त्यापासून बनतं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ॲम्फेटामिन वर्गातली द्रव्यं घेणारे ०.१८ टक्के होते, अफूजन्य द्रव्यं घेणारे २.१ टक्के. आकडा लहान म्हणून दुर्लक्ष करणं मला धोक्याचं वाटतं, कारण अफूच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे, उत्तेजकांच्या व्यसनावर तसं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. भिस्त समुपदेशनावरच. लघवीची तपासणी स्वच्छ आली की दर वेळी छोटं बक्षीस द्यायचं, ही पद्धत अभ्यासांत सर्वांत परिणामकारक ठरली आहे.

म्हणून ‘घेतोस का?’ एवढं विचारून भागत नाही. केव्हा घेतोस, कुणाबरोबर, शेवटचा नीट कधी झोपलास, हे विचारायला हवं. चालकाची पाळी बदलावी लागेल, पोराची संगत. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएसच्या कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे १४४४६.