नेट सारखे का तुटते?

लॅपटॉप आता खेड्यातही आला आहे. ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, सेवा केंद्रात आहे. कुणाकुणाच्या घरीही आहे. सात-बाराचा उतारा त्यावर पाहता येतो. पीक विम्याचा अर्ज भरता येतो. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही त्यावर भरतात.

पण एक तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. "नेट येतं आणि जातं!"

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. पोरीने सगळी माहिती भरली. दाखले जोडले. आता शेवटचे बटण दाबायचे, तोच नेट तुटले. पुन्हा जोडले, पुन्हा तुटले. रात्रीचे बारा वाजले. मुदत संपली. हातची मदत गेली. म्हणून ही तक्रार लहान समजू नका.

अशा वेळी लोक काय करतात? कोणी कंपनीला शिव्या देतो. कोणी म्हणतो, "लॅपटॉपच खराब." मग उसनवारी करून नवा लॅपटॉप आणतो. आणि नव्यावरही नेट तुटतेच! कारण दोष दुसरीकडेच असतो.

आपण शेतकरी माणसे. पाटाचे पाणी वाफ्यात पोचले नाही, तर आपण वाफ्याला दोष देतो का? नाही. फावडे घेतो आणि पाटाच्या कडेने विहिरीकडे चालत जातो. पाट कुठे फुटला ते पाहतो. तिथेच माती लावतो. नेटचेही तसेच आहे. आधी फूट शोधायची, मग माती लावायची.

नेट कोणत्या वाटेने येते?

नेटच्या वाटेचे चार टप्पे आहेत.

पहिला टप्पा बाहेरची तार. पुष्कळ ठिकाणी ही फायबरची तार असते. तिच्यात केसासारखी बारीक काच असते. त्या काचेतून उजेडाच्या रूपाने संदेश येतो.

दुसरा टप्पा वायफायची पेटी. तिला राउटर म्हणतात.

तिसरा टप्पा हवा. पेटी आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तार नसते. मग संदेश जातो कसा? रेडिओच्या लाटांवर. या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, पण भिंतीतून पार जातात. आपल्या देशाचे शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात हे लोकांना दाखवले. त्यांनी लाट भिंतीपलीकडे पाठवली आणि तिकडची घंटा वाजवली. मध्ये तार नव्हती! वायफायचे कामही अशाच लाटांवर चालते.

चौथा टप्पा आपला लॅपटॉप.

फूट कशी शोधावी?

नेट तुटले की लगेच तीन गोष्टी पाहा.

एक. त्याच जागी, त्याच वायफायवर मोबाईल लावून पाहा. मोबाईलचे स्वतःचे नेट मात्र बंद ठेवा. नाहीतर कोणते नेट चालले ते कळणार नाही. मोबाईलवरही नेट तुटत असेल, तर लॅपटॉपचा दोष नसावा. मोबाईलवर नीट चालत असेल, तर लॅपटॉपकडे पाहा.

दोन. लॅपटॉप उचलून पेटीजवळ न्या. तिथे नेट टिकले, तर फूट हवेच्या टप्प्यात आहे. पेटी दूर पडते, किंवा मध्ये काही आडवे येते.

तीन. पेटीवरचे दिवे पाहा. फायबरच्या पेटीवर बहुधा 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर तारेतून उजेड येत नाही असे समजावे. तार तुटली असेल किंवा दुमडली असेल. तिथे आपला इलाज चालत नाही. कंपनीच्या माणसाला बोलवावे.

शिवाय नेट केव्हा तुटते ते वहीत लिहून ठेवा. रोज संध्याकाळीच तुटते का? स्वयंपाकघरात बसल्यावरच तुटते का? चार दिवसांत वहीच बोलू लागेल.

माती कुठे लावावी?

आधी पेटीची जागा बघा. आपण ती कुठे ठेवतो? लोखंडी कपाटामागे, नाहीतर पत्र्याच्या पेटीवर. लोखंड आणि पत्रा लाटा अडवतात. दगडी आणि मातीच्या जाड भिंती लाटांचा जोर कमी करतात. पाण्याने भरलेली टाकीसुद्धा लाटा शोषते. म्हणून पेटी घराच्या मध्यावर, उंच फळीवर, मोकळ्यावर ठेवा. तिच्यावर कापड झाकू नका. ती तापते.

पेटी अडली असे वाटले, तर तिची वीज बंद करा. अर्धा मिनिट थांबा. मग चालू करा. वीज सारखी जात असेल, तर पेटी दर वेळी बंद पडते आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेते. अशा घरी तिला लहान बॅटरीची जोड द्यावी.

पुष्कळ पेट्यांना दोन पट्टे असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला लांब पोचतो आणि भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो. दुसरा वेगवान, पण जवळचा सोबती. वायफायच्या यादीत काही वेळा त्यापुढे '५जी' लिहिलेले असते. मोबाईलचा ५जी वेगळा, हा वेगळा. लॅपटॉप लांबच्या खोलीत असेल, तर २.४ चा पट्टा निवडा. दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच असेल, तर लॅपटॉप कधी इकडे, कधी तिकडे उड्या मारतो. जाणत्याकडून दोन्हींना वेगळी नावे देऊन घ्यावीत.

मोबाईलवरून लॅपटॉपला नेट देत असाल, तर मोबाईल जवळ ठेवा. मोबाईललाच टॉवरची रेंज नसेल, तर बिचारा लॅपटॉप काय करणार?

लॅपटॉप डुलकी घेतो

आता लॅपटॉपकडे वळू. बॅटरी वाचावी म्हणून तो मधूनमधून आपला वायफायचा भाग झोपवतो. पण काही वेळा तो भाग वेळेवर जागा होत नाही, आणि नेट तुटते. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' खाली वायफायचे नाव असते. त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट'चे पान असते. वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करू द्यावा, अशी तिथे एक खूण असते. ती खूण काढून टाका. काही लॅपटॉपांत हे पान नसते. तिथे ही वाट सोडून द्यावी.

तरीही जमले नाही, तर त्या वायफायचे नाव यादीतून काढा, म्हणजे 'फर्गेट' करा. मग पासवर्ड घालून पुन्हा जोडा. ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम वायफायचा भाग चालवतो. तो जुना झाला असेल, तर नवा घालून घ्या. तो लॅपटॉपच्या कंपनीकडूनच घ्यावा. भलत्या ठिकाणचा घेऊ नये.

एक गोष्ट विसरू नका. एका वेळी एकच बदल करा आणि दिवसभर पाहा. दोन औषधे एकदम घेतली, तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

आणि महत्त्वाचा अर्ज असला, तर शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. चार दिवस आधी भरा. लॅपटॉपवर तारेची जागा असेल, तर त्या दिवशी पेटीपासून लॅपटॉपपर्यंत सरळ तार जोडा. म्हणजे हवेच्या टप्प्याची भानगडच राहत नाही.

यंत्राला घाबरू नये आणि त्याला उगाच दोषही देऊ नये. जो पाटाची फूट शोधू शकतो, तो नेटचीही फूट शोधू शकतो. नवा लॅपटॉप घेण्याआधी एकदा पाटाच्या कडेने चालून बघा.