लोकमताचा पारा

फेब्रुवारी 1991 च्या अखेरीस अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांची कीर्ती शिखरास पोचली होती. इराकने बळकाविलेला कुवेत अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी मुक्त केला. जमिनीवरील लढाई अवघ्या शंभर तासांत आटोपली. गॅलप या संस्थेने लोकांचे मत विचारले, तेव्हा शेकडा 89 जणांनी राष्ट्राध्यक्षांचे काम पसंत असल्याचे सांगितले. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातील कित्येक नामांकित पुढारी मग निवडणुकीच्या रिंगणात उतरलेच नाहीत. उतरले ते आर्कान्सॉसारख्या लहान राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन. आणि नोव्हेंबर 1992 मध्ये तेच निवडून आले! हे घडले कसे?

विद्यार्थी मित्रहो, प्रथम हा आकडा काढतात कसा ते पाहू. हजार-दीड हजार लोकांस विचारून कोट्यवधींचे मत ताडावयाचे, म्हणजे शितावरून भाताची परीक्षाच. मात्र शीत साऱ्या भांड्यातून निवडले पाहिजे. 1936 मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांवर उत्तरे मिळविली आणि लँडन विजयी होतील असे भाकीत केले. परंतु त्याच्या याद्यांत टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांचाच भरणा फार होता, आणि उत्तरे धाडणारेही सर्व थरांतले नव्हते. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. त्याहून कितीतरी थोड्यांस विचारणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला होता.

पण आकडा अचूक असला, तरी त्यामागील प्रश्न कोणता, हे विसरून चालत नाही. पसंतीच्या प्रश्नात एकाच माणसाचे नाव असते: यांचे काम तुम्हांस पसंत आहे की नाही? मतपत्रिकेवर दुसरेही नाव असते. आपल्या वर्गाचा मॉनिटर कोणास फारसा आवडत नाही. तथापि त्याच्याविरुद्ध कोण उभा आहे हे कळल्यावर पुष्कळांचे मत पालटते, हा अनुभव आपणांस आहेच.

1948 मध्ये ट्रूमन यांचे असेच झाले. त्या वसंतऋतूत त्यांना पसंत करणारे शेकडा 40 देखील नव्हते. 1946 मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहे जिंकली होती, आणि त्या पक्षाचे ड्यूई हेच पुढील राष्ट्राध्यक्ष, असे बहुतेक जाणते धरून चालले होते. ट्रूमन यांनी युक्ती केली ती अशी: आगगाडीने देशभर हिंडून त्यांनी आपल्या कारभाराऐवजी विरोधकांच्या ताब्यातील संसदेचाच हिशेब लोकांपुढे मांडला. गॅलप यांच्या अखेरच्या अंदाजात ड्यूई पाच टक्क्यांनी पुढे होते. परंतु चौकशी मतदानापूर्वी बरेच दिवस थांबली होती, आणि तेवढ्यात वारा फिरला. ट्रूमन सुमारे साडेचार टक्क्यांनी विजयी झाले. ड्यूई जिंकल्याचा मथळा छापून बसलेले शिकागोचे वृत्तपत्र हातात धरून हसणारे त्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

बुश यांची कथा याच्या उलट. 89 हा आकडा रणांगणावरील विजयाचा होता; मतदानाच्या दिवशी मात्र लोकांच्या मनात बेकारी होती. मंदी सरूनही ती वाढतच गेली आणि जून 1992 मध्ये शेकडा 7.8 वर पोचली. नवे कर न बसविण्याचे वचन मोडल्याचा रागही होताच. त्या उन्हाळ्यात पसंती शेकडा 29 वर घसरली. तरी क्लिंटन यांनाही निम्मी मते मिळाली नाहीत: त्यांना सुमारे 43, बुश यांना 37 व अपक्ष पेरो यांना 19 टक्के.

विरोधी पक्षात न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांचे नाव तेव्हा आघाडीवर होते. राज्याच्या अंदाजपत्रकाचा तिढा पुढे करून त्यांनी डिसेंबर 1991 मध्ये उमेदवारी नाकारली. त्या महिन्यात बुश यांची पसंती शेकडा 50 च्या आसपास आलेली होती.