साठीनंतरही नेट बांधा

पहाटे नांदेडच्या स्टेडियमवर, लातूरच्या क्रीडा संकुलात साठी-सत्तरीची माणसं फेऱ्या मारतात. चालणं उत्तमच. पण एकट्यानं चालणारा चार दिवस आला नाही, तर कोण विचारतं? संघातला एक गडी कमी पडला की खेळ अडतो आणि लगेच फोन येतो, "काका, कुठं राहिलात? आम्ही पाचच आहोत." निवृत्तीनंतर आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं आहे, ही जाणीव मला सांघिक खेळाचा सर्वांत मोठा लाभ वाटते.

मराठवाड्यात यासाठी खेळ शोधत फिरायला नको. शाळेच्या मैदानात दोन खांब रोवून शूटिंग व्हॉलीबॉल खेळत कित्येक गावांतली पोरं मोठी झाली. त्यांतले अनेक जण नोकरीसाठी शहरात आले आणि खेळ गावातच राहिला. व्हॉलीबॉलचा जन्मही मुळात वय वाढलेल्यांसाठीच झालेला. १८९५ साली अमेरिकेत होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी तो शोधला, कारण तिथल्या वयानं मोठ्या सभासदांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती.

चेंडूकडे पाहत बाजूला सरकणं, हात वर नेणं, तोल सावरणं, हे सरळ चालण्यात घडत नाही. उतारवयात तोल गेला की खुब्याचं हाड मोडू शकतं आणि माणूस अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर लोकांचा सुमारे २५ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा बैठं जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेत बॅडमिंटन खेळणारे सरासरी ६.२ वर्षं, तर जॉगिंग करणारे ३.२ वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. आयुष्य खेळामुळंच वाढलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण सोबतीनं खेळायचे खेळ त्या अभ्यासात वरच्या क्रमांकावर आहेत.

नियम मात्र वयाला साजेसे हवेत. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला २०११ मध्ये ज्येष्ठांसाठी चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला. त्यात धावणं हाच फाऊल. आपणही पुरुषांचं २.४३ मीटरचं नेट खाली घ्यावं, मऊ चेंडू वापरावा, एक टप्पा चालू द्यावा, उडी बंद ठेवावी. काँक्रीटपेक्षा पाणी मारलेली माती गुडघ्यांना बरी. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधीच खेळ आटोपावा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, आणि छातीत दुखलं तर डाव तिथंच सोडावा.

आणि बायका? शाळेत खो-खो गाजवलेल्या कितीतरी जणी लग्नानंतर पुन्हा मैदानावर आल्याच नाहीत. चेंडू झेलून परत फेकायचा थ्रोबॉल त्यांना सहज जमेल. मात्र त्यांची वेळ राखीव हवी, मैदानावर उजेड हवा आणि स्वच्छतागृह उघडं हवं. एवढं नसेल तर त्यांना बोलावण्यात अर्थ नाही.

ज्येष्ठ नागरिक संघांनी १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी होणाऱ्या संगीत खुर्चीवर थांबू नये. या आठवड्यात एक नेट आणि एक चेंडू आणा, जवळच्या शाळेला सकाळचा तासभर मागा, आणि शेजारच्या काका-काकूंना हाक मारा.