लाल दिवा पेटतो, बाण हलत नाही

सकाळी ९.
पद्मानगरातल्या एका यंत्रमाग कारखान्यातून हिशोब पाहणाऱ्या मेहताजींचा फोन. मागांच्या खडखडाटात निम्मे शब्द बुडाले, पण मुद्दा कळला. “भाऊ, स्क्रीनवरचा बाण हलेना. आज मजुरी वाटायची आहे. बटण दाबून बंद करून परत चालू करू का?”
मी त्यांना थांबवलं. भिवंडीत मागावरच्या माणसाची मजुरी त्यानं विणलेल्या मीटरवर ठरते, आणि त्या मीटरांचा तक्ता त्यांच्या पडद्यावर उघडा होता. “कंट्रोल धरून एस दाबा, मेहताजी. आधी हिशोब सेव्ह होऊ दे. माऊस अडला म्हणजे संगणक अडला असं नसतं.”

९.४५.
धामणकर नाक्यावर टेम्पोंची रांग. रोजचीच.

१०.१५.
ऑफिस म्हणजे मागांच्या शेडलाच लागून असलेली खोली. टेबल सतत थरथरतं आणि सगळ्यावर सुताच्या तंतूंचा पांढरा थर असतो. संगणक जुना पेंटियम, ३२-बिट, त्यावर डेबियन १२ लिनक्स. माऊस पीएस/टू जातीचा, गोल हिरव्या पिनेचा. आयबीएमनं १९८७ साली ही खाच आणली आणि भिवंडीच्या ऑफिसांत ती अजून कामावर आहे.
नमलॉक दाबलं, कीबोर्डवरचा दिवा पेटला-विझला. यंत्र गोठलेलं नाही.
“माऊसचा लाल दिवा तर चालू आहे,” मेहताजी म्हणाले. इथेच बहुतेक जण फसतात. पीएस/टूच्या सहा पिनांपैकी चार वापरात असतात: ५ व्होल्ट, अर्थ, डेटा आणि क्लॉक. दिव्याला पहिल्या दोन पुरतात. हालचालीची खबर उरलेल्या दोन तारांतून जाते, आणि त्यातली एक जरी गेली तरी दिवा तसाच लखलखत राहतो.
माऊस उलटा करून भिंगावरचे तंतू ब्रशनं काढले. काही फरक नाही.

१०.४०.
कंट्रोल-ऑल्ट-एफ३. चित्रांचा पडदा गेला, काळ्या पडद्यावर लॉगिन आलं. मला लिनक्स आवडतं ते याचसाठी. बाण नसला तरी घराचं मागचं दार उघडं असतं. ‘डीमेसेज’ दिलं. पीएसमाऊस या ड्रायव्हरच्या नावापुढे एकच तक्रार पुन्हा पुन्हा: ताळमेळ तुटला, आलेले बाइट टाकून दिले. काय दुखतंय ते यंत्र स्वतः लिहून ठेवतं. आपण फक्त वाचायचं.
‘मॉडप्रोब’नं पीएसमाऊस काढला, परत चढवला, कंट्रोल-ऑल्ट-एफ७ दाबून चित्रांच्या पडद्यावर परत आलो. बाण हलला! मेहताजींनी लगेच तक्ता पुढे ओढला. काही ओळी झाल्या आणि बाण पुन्हा जागीच. मला मात्र आता उत्तर मिळालं होतं. ड्रायव्हर नव्यानं चढवूनही माऊस पुन्हा अडतो, याचा अर्थ दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नाही. तार जिथे माऊसच्या पोटात शिरते तिथे बोटानं हलवली, की बाण उडायचा किंवा थिजायचा.

११.३०.
कीबोर्डवरूनच ‘पॉवरऑफ’. पीएस/टूची पिन चालू यंत्रातून उपसू नये. यूएसबीसारखी ती काढ-घालीसाठी बनवलेली नाही, पोर्ट जळू शकतो.
तारेचा मोडका तुकडा कापला. आतल्या तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरनं पिनेपासून एकेक तार मोजली. क्लॉकची तार आतून तुटलेली निघाली. टेबलाच्या थरथरीनं तिला रोज थोडं थोडं खाल्लं होतं. डाग दिला, तार टेबलाच्या पायाला बांधून टाकली म्हणजे ताण माऊसवर येणार नाही. माऊस चालू झाला.

दुपारी १.
डबा.

३.
मजुरीचा हिशोब पूर्ण. शेठ विचारतात, नवीन संगणक घ्यावा का? ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यापासून हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू येतो. मी खरं ते सांगितलं: २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही, त्यामुळे कधीतरी हे यंत्र बदलावंच लागेल. पण ते तारेच्या एका तुकड्यापायी बदलू नका. मीटर, तागे, बीम यांचा हिशोब ते आजही चोख करतं.

४.
निघण्याआधी सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या आकड्यांनी बाण हलवायची सोय चालू करून दिली. मेहताजींना शिकायची हौस आहे, म्हणून पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सवरचे मराठी धडेही दाखवले. ते फुकट आहेत.

तुमच्याकडेही असं जुनं यंत्र असेल, तर बाण अडल्यावर बटणाकडे हात नेऊ नका. आधी सेव्ह करा, नमलॉकचा दिवा पाहा, तार हलवून बघा. संगणक बदलायचा निर्णय त्यानंतर घ्या.